दिवसभर पुस्तकांत राहून वाचनच हरवते, त्याचे काय करावे?

कोरे पान यांचा प्रश्न

गेले नऊ महिने मी एका लहान प्रकाशनसंस्थेत संपादन साहाय्यक म्हणून काम करते आहे. लहान म्हणजे किती, तर आम्ही एकूण चौघे आहोत, वर्षाला आठ-दहा पुस्तके काढतो, आणि ज्या टेबलावर सकाळी हस्तलिखित वाचायचे त्याच टेबलावर दुपारी खोक्यांना चिकटपट्टी लावायची, अशी आमची व्यवस्था आहे. पुस्तकांवर प्रेम आहे म्हणून मी या कामात आले. मुलाखतीतही हेच सांगितले होते, आणि त्यावर आमचे प्रकाशक काही न बोलता हसले होते. ते का हसले, हे आता थोडे थोडे उमगू लागले आहे.

कामाबद्दल माझी तक्रार नाही. ‘साभार परत’ची पत्रे लिहिणे, वितरकाकडून परत आलेल्या प्रतींचे दुमडलेले कोपरे तपासून त्या पुन्हा विकण्याजोग्या आहेत की नाहीत ते ठरवणे, ऐनवेळी पृष्ठसंख्या वाढली म्हणून मुखपृष्ठाच्या कण्याची रुंदी नव्याने मोजणे, तीनशे पानांचे पुस्तक मलपृष्ठावर नव्वद शब्दांत बसवणे, या सगळ्यात दिवस कसा जातो ते कळत नाही. अडचण सुरू होते ती घरी गेल्यावर. आवडत्या लेखकाची कादंबरी उघडावी, तर तिसऱ्या ओळीत मला स्वल्पविरामानंतर दोनदा सुटलेली मोकळी जागा दिसते. मग पुढची दहा पाने मी कथा वाचत नाही, तर आणखी कुठे तशी जागा सुटली आहे ते शोधत बसते. परवा एक कविता तीनदा वाचली. शेवटच्या शब्दावरचा अनुस्वार एक अक्षर पुढे सरकला आहे, एवढेच मला तिच्याबद्दल सांगता येईल.

बरे, वाचनसुख गेले ते गेले, निदान चुका तरी सापडाव्यात, तर तेही नाही. एका निवृत्त प्राध्यापकांच्या आठवणींच्या पुस्तकाची प्रुफे मी स्वतः तीन वेळा वाचली होती. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून घेतलेला होता, म्हणून जास्तच जपून वाचली होती. पुस्तक छापून आले, लेखकांनी अनुक्रमणिका उघडली, आणि पाचव्या प्रकरणाचे शीर्षक मोठ्याने वाचून दाखवले: ‘थोर आचाऱ्यांच्या सहवासात’. हवे होते ‘आचार्यांच्या’. लेखक सज्जन गृहस्थ, ते इतकेच म्हणाले, “जेवण मात्र उत्तम असे.” मी त्या रात्री जेवले नाही.

तर माझा प्रश्न असा आहे की जे या व्यवसायात बरीच वर्षे आहेत त्यांचे वाचन पुढे कधी परत येते का, आणि येत असेल तर ते आपोआप येते की त्यासाठी काही करावे लागते? मला सुट्टी घेण्याचा सल्ला नको आहे, तो घरून मिळालेला आहे.

खिळेजुळारी यांचे उत्तर

मी तीस वर्षांहून अधिक काळ मुद्रितशोधन केले. सुरुवात शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांवर झाली आणि निवृत्ती पडद्यावर. त्या अनुभवावर सांगतो की आपण दोन वेगळी दुःखे एकत्र बांधली आहेत, ती आधी सोडवून घ्यायला हवीत.

‘आचाऱ्यांच्या’ची चूक आपण चांगल्या वाचक आहात म्हणून सुटली. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तो उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, पुढची उडी घेतो, आणि उडीच्या दरम्यान त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. मधली गाळलेली जागा मन अर्थाच्या आधाराने भरून काढते. ज्याचे वाचन जितके मुरलेले, त्याचे मन तितक्या सहजतेने ही जागा भरते. थोर माणसांच्या सहवासाविषयीचे प्रकरण आहे हे आपल्याला ठाऊक होते, त्यामुळे आपल्या मनाने तिथे ‘आचार्य’च वाचले. मुद्रितशोधन हे काम मुळात या सवयीच्या उलट दिशेने चालते, मनाला पुढे धावू न देता अक्षरापाशी अडवून ठेवायचे असते.

आमच्या वेळी म्हणून दोघे बसत असत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. वाचणारा विरामचिन्हेही उच्चारत असे: “अवतरण सुरू, तू केव्हा आलास, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद, नवा परिच्छेद.” वाचणाऱ्याने सगळे एका सुरात, भावना न आणता वाचावे असा दंडक होता. मी नवीन असताना एका मृत्युप्रसंगात माझा आवाज किंचित हलला, तर समोरचे ज्येष्ठ शोधक पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, “रस घेऊ नका, वेलांटी सुटेल.” मला तेव्हा ते निष्ठुर वाटले होते. त्या पानावर खरोखरच एक वेलांटी सुटली होती.

आपल्या विशिष्ट चुकीबद्दल थोडे तांत्रिक बोलतो, कारण ती पुन्हा होणार आहे. जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलताना रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांची गल्लत हमखास होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ अशा जोड्यांमध्ये दोन्ही शब्द भाषेत आहेत, त्यामुळे शब्दतपासनीस त्यांना अडवत नाही. शिवाय हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो, आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसत असल्याने शोध घेताना एक प्रकार निसटतो. म्हणून अशा जोड्यांची यादी भिंतीवर लावून ठेवावी आणि वाचन संपल्यावर त्या एकेक शोधून काढाव्यात. अनुक्रमणिका, प्रकरणांची नावे आणि पानांच्या माथ्यावरची शीर्षके मजकुराबरोबर कधीही वाचू नयेत. त्यांच्यासाठी वेगळी बैठक असावी, तीही सकाळची. मोठ्या अक्षरांतल्या चुका सर्वांत जास्त सुटतात, कारण तिथे चूक असेल अशी शंकाच कुणाला येत नाही.

पुस्तकावरच्या आयएसबीएनचा, म्हणजे त्याच्या तेरा अंकी ओळख क्रमांकाचा मला यासाठी हेवा वाटतो. त्यातला शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो, त्यांना आळीपाळीने 1 आणि 3 यांनी गुणून येणाऱ्या बेरजेत तो मिळवला की दहाने नि:शेष भाग जातो. एखादा अंक चुकला की हिशेब बसत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. (तोही अगदी निर्दोष नाही. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यात 5 चा फरक असला तर चूक खपून जाते.) वाक्यांना असा तपास अंक नसतो, म्हणून आपल्या नोकऱ्या आहेत.

आता दुसरे दुःख. माझे वाचन साधारण चार वर्षे गेले होते. ते ज्या मार्गाने परत आले तो सर्वांना जमेलच असे नाही. मी बंगाली शिकू लागलो, लिपीपासून. त्या भाषेचे शुद्धलेखन मला येत नव्हते, त्यामुळे समोर छापले आहे ते बरोबरच असणार असे मानून चालण्यावाचून गत्यंतर नव्हते. चाचपडत, बोट ठेवून एक गोष्ट वाचली आणि शेवटी डोळ्यांत पाणी आले, तेव्हा लक्षात आले की संपूर्ण गोष्टीत मला एकही चूक सापडलेली नाही. पुढे हळूहळू मराठीतही ते जमू लागले. एक पथ्य मात्र आजही पाळतो. घरी वाचताना हातात पेन्सिल धरत नाही. हातात पेन्सिल आली की डोळे कामाला लागतात.

एकखांबी यांचे उत्तर

मी एकट्याने प्रकाशन चालवतो. संपादक, हिशेबनीस, हमाल आणि ज्याच्यावर लेखक रागावतात तो इसम, या सर्व भूमिका मीच करतो. खिळेजुळारींचे विवेचन मला पटले, तरीही आपल्याला इशारा द्यावासा वाटतो की प्रुफांनी जाणारे वाचन हे त्यातल्या त्यात किरकोळ नुकसान आहे. निवड तुमच्या हाती आली की खरे नुकसान सुरू होते. माझ्यासमोर हस्तलिखित आले की दुसऱ्या पानापासून मनात एक आकडा फिरू लागतो, की याच्या किती प्रती काढाव्या लागतील आणि त्यांतल्या किती परत येतील. मजकूर चांगला असला तर तो आकडा थोडा वेळ गप्प बसतो, इतकेच.

त्यात फर्म्यांचे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचे गणित येते. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर बारा फर्म्यांचे पुस्तक 192 पानांचे होते. मागे एक कादंबरी मांडणीनंतर 193 व्या पानावर अकरा ओळी गेली. अकरा ओळींसाठी आणखी अर्धा फर्मा छापायचा आणि सात पाने कोरी ठेवायची, हे मला परवडणारे नव्हते. अक्षरांचा आकार आधीच काठावर होता, ओळींतले अंतर आणखी कमी करवत नव्हते. शेवटी लेखिकेशी बोलून पावसाचा एक परिच्छेद काढला. परिच्छेद सुंदर होता. त्या दिवसापासून मी कुणाचेही पुस्तक हातात घेतले की आधी शेवटची पाने उलटून कोरी किती आहेत ते पाहतो, आणि कोरे पान एकही नसले तर आत कुठला पाऊस कापला गेला असेल याचा अंदाज बांधत बसतो. याला वाचन म्हणावे की नाही, मला माहीत नाही.

पण याच्या बदल्यात एक गोष्ट मिळते, ती सामान्य वाचकाला क्वचितच मिळते. आपण एकच मजकूर चार-चार, पाच-पाच वेळा वाचतो, तोही आवडनिवड बाजूला ठेवून. पहिल्या वाचनात दिपवणारी कितीतरी वाक्ये तिसऱ्या वाचनात पोकळ वाजतात, आणि ज्यांच्याकडे पहिल्यांदा लक्षही गेले नव्हते अशी काही वाक्ये चौथ्या वाचनात उभी राहतात. हे सुख रविवारी दुपारी आडवे पडून वाचण्याच्या सुखासारखे नाही, पण ते त्याच्याहून हलकेही नाही. आपले वाचन हरवलेले नसून ते पहिल्या वाचनातून उठून चौथ्या वाचनात जाऊन बसले आहे, अशी मला शंका आहे. तिथे शोधून पाहावे.

चुकीबद्दल फार जीव जाळू नये, यासाठी एक जुने उदाहरण देतो. लिओनार्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1917 साली घरातल्या जेवणाच्या खोलीत हातयंत्र ठेवून होगार्थ प्रेस सुरू केला. लिओनार्ड यांच्या हाताला कंप असल्यामुळे खिळे जुळवण्याचे काम व्हर्जिनिया करत असत. टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’ची 1923 ची आवृत्ती, सुमारे 460 प्रतींची, त्यांनी स्वतः एकेक अक्षर जुळवून उभी केली. एवढ्या मोठ्या लेखिकेच्या हातून, अक्षराअक्षराला स्पर्श करत झालेल्या त्या पुस्तकातही चुका राहिल्याच, आणि काही प्रतींमध्ये कवीने आपल्या हाताने दुरुस्त्या केल्या. तेव्हा आपले आचारी बऱ्या संगतीत आहेत.

एक खाजगी गोष्ट सांगून थांबतो. एकदा परत आलेल्या गठ्ठ्यात एक प्रत वापरलेली निघाली. कुणीतरी ती पूर्ण वाचून, एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढून दुकानात परत केली होती. ते वाक्य काढून टाकावे म्हणून मी लेखकाशी दोन आठवडे वाद घातला होता आणि हरलो होतो. प्रत विकण्याजोगी नव्हती, हिशेबात ती खराब म्हणून लिहिली. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

समास यांचे उत्तर

मी पुस्तकांची मांडणी करतो आणि मला विचाराल तर मजकूर वाचतच नाही. पान तयार झाले की ते उलटे करून, खालचे वर करून पाहतो. मग अक्षरे दिसेनाशी होतात आणि फक्त करडा ठोकळा उरतो. त्यात कुठे पांढऱ्या भेगा पडल्या आहेत का, परिच्छेदाची शेवटची अर्धी ओळ नव्या पानाच्या माथ्यावर एकटी पडली आहे का, एवढेच पाहायचे. जुन्या युरोपीय हस्तलिखितांवरून पुस्तकांचे मांडणीकार यान चिखोल्ट यांनी समासांचे एक प्रमाण मांडले होते. आतला 2, वरचा 3, बाहेरचा 4 आणि खालचा 6. तसे पान डोळ्यांना विलक्षण निवांत वाटते. एकखांबींसारखे प्रकाशक मला ते कधीच करू देत नाहीत, कारण खालच्या त्या सहा भागांत त्यांना आणखी चार ओळी दिसतात. (राग नसावा. पाऊस वाचवायला मलाही आवडले असते.)

मुद्द्यावर येतो. माझेही वाचन याच कारणाने गेले होते. कथेऐवजी मला पान दिसत असे. मी पुस्तके ऐकू लागलो. कानाला समास नसतात, आणि ऐकताना ऱ्हस्वदीर्घ कळत नाही हे त्यातले मोठेच सुख आहे.

खिळेजुळारी यांचे उत्तर

ऐकताना ऱ्हस्वदीर्घ कळत नाही हे माझ्याबाबतीत तरी खरे नाही. निवेदक ‘आणि’तला ‘णि’ लांबवतो तेव्हा माझा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. तरीही समास यांचा उपाय कोरे पान यांनी करून पाहायला हरकत नाही. त्यांची सवय अजून माझ्याइतकी जुनी झालेली नाही.

एकखांबींना मात्र मी एका बाबतीत विरोध करतो. चौथ्या वाचनातले सुख मलाही ठाऊक आहे, पण ते पारख्याचे सुख आहे. फक्त त्यावर जगू लागलेला संपादक पहिल्यांदाच पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाला काय वाटेल, हे विसरत जातो, आणि पुस्तक शेवटी त्या माणसासाठी काढायचे असते. म्हणून हस्तलिखिताचे पहिले वाचन पेन्सिलीशिवाय, टेबलापासून दूर आणि शक्यतो एका बैठकीत करावे, असे मी नव्यांना सांगत असे. दुसऱ्या वाचनापासून हवे तितके निष्ठुर व्हावे. पहिल्या वाचनाची संधी प्रत्येक पुस्तक एकदाच देते.

एकखांबी यांचे उत्तर

एका बैठकीत वाचायला मिळत असेल तर मीही पेन्सिल टाकायला तयार आहे. माझा दूरध्वनी कुणीतरी उचलावा, एवढीच अट आहे. पण मुद्दा मान्य.

कोरे पान यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण खिळेजुळारींचा उपाय करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

गेल्या आठवड्यात एका निवृत्त हवामान निरीक्षकांच्या आठवणींचे हस्तलिखित आले, एका बाजूने छापलेली 140 सुटी पाने. एरवी मी ते टेबलावर घेऊन, शेजारी पेन्सिल आणि खोडरबर ठेवून सुरुवात केली असती. या वेळी पेन्सिल मुद्दाम खणात ठेवली आणि गठ्ठा घेऊन मागच्या साठ्याच्या खोलीत, परत आलेल्या प्रतींच्या खोक्यांवर जाऊन बसले. पहिली वीस पाने हात सारखा काहीतरी शोधत होता. एका ठिकाणी ‘आद्रता’ दिसली, रफार नव्हता, आणि मला अक्षरशः खाज सुटल्यासारखे झाले. मग लेखक रोज पहाटे ठरलेल्या वेळी उठून पर्जन्यमापकातले पाणी मोजत असत, आणि पाऊस पडलेला नसला तरीही जाऊन ‘शून्य’ अशी नोंद करत असत, तो भाग आला. त्यानंतर शुद्धलेखनाचे काय झाले ते मला आठवत नाही. सहकारी कुलूप लावायला आले तेव्हा मी शेवटच्या दहा पानांत होते आणि त्यांना थांबायला लावले.

हे सगळे आनंदाने सांगते आहे, पण एक कबुलीही द्यायची आहे. दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन दुसरे वाचन सुरू केले, तेव्हा गठ्ठ्यात 73 क्रमांकाचे पान नसल्याचे आढळले. ते आधीपासूनच नव्हते. लेखकांकडून छापून घेतानाच राहिले असावे. पान 72 चे शेवटचे वाक्य अर्ध्यावर तुटते, ‘त्या रात्री वारा पडल्यावर माझ्या लक्षात आले की’, आणि पान 74 ‘कुणीही वर पाहिलेले नव्हते’ असे मधूनच सुरू होते. मी खोक्यावर बसून हे दोन्ही तुकडे सलग वाचले, त्यांचे एक वाक्य केले, आणि ते वाक्य मला इतके आवडले की घरी जाऊन वहीत उतरवूनही ठेवले होते.

73 वे पान लेखकांकडून मागवले आहे. ते उद्या येईल, आणि मला ते आताच नकोसे झाले आहे.